ड्रॅग रेसचा परवाना: सातारा-सांगलीच्या पोरांनी अर्ज कसा करावा, कागद कोणते लागतात आणि शिक्का कुणाचा बघावा

ड्रॅग रेस म्हणजे सरळ ट्रॅकवर ठरलेलं छोटं अंतर कोण आधी कापतो याची शर्यत. त्यात रीतसर उतरायचं तर दोन कागद बघावे लागतात. एक तुमचा, म्हणजे स्पर्धक परवाना. दुसरा आयोजकाचा, म्हणजे त्या स्पर्धेचं परमिट. पहिला कागद काढायला पोरं तयार असतात. दुसऱ्याची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. म्हणून परवान्याची माहिती देतानाच परमिटबद्दल आणि ते देणाऱ्या संस्थांबद्दलही जरा सविस्तर लिहितो.

साताऱ्याच्या एमएच ११, कऱ्हाडच्या एमएच ५० किंवा सांगलीच्या एमएच १० कार्यालयातून मिळालेलं ड्रायव्हिंग लायसन्स रस्त्यावर गाडी चालवण्यापुरतं असतं. स्पर्धेचा परवाना देते फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय. ही संस्था १९७१ सालची. केंद्र सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने तिला राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून मान्यता दिलेली आहे. चारचाकीसाठी ती एफआयएला जोडलेली आहे, दुचाकीसाठी एफआयएमला. या दोन्ही जागतिक संस्थांची मुळं १९०४ सालापर्यंत जातात. शर्यतींच्या कारभारासाठी एफआयए एका देशात एकाच संस्थेला मान्यता देते. त्यामुळे भारतात कुणी स्वतःच्या नावाचं ‘ऑल इंडिया’ मंडळ काढून सर्टिफिकेट वाटली, तर राष्ट्रीय पातळीवर त्या कागदाला किंमत नाही.

ही मान्यतेची भानगड आली कुठून

ड्रॅग रेसिंग वाढलं अमेरिकेत, आणि सुरुवातीची तक्रार अगदी आपल्यासारखीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या गाड्या सोलून, इंजिनं बदलून वाळलेल्या तलावांच्या सपाटीवर पळवायची. तलाव लांब पडला की गावातल्या रस्त्यावर पळवायची. अपघात झाले, पोलीस मागे लागले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. वॉली पार्क्स तेव्हा ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक होते. पोरांना नुसतं रागावून ती थांबणार नाहीत, त्यांना जागा, नियम आणि घड्याळ द्यायला हवं, हे त्यांनी ओळखलं. १९५१ मध्ये त्यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, स्थापन केली. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे तिची पहिली अधिकृत स्पर्धा झाली. १९५४ पासून ‘सेफ्टी सफारी’ नावाचं पथक गावोगावी जाऊन गाड्या तपासायची आणि स्पर्धा भरवायची पद्धत शिकवू लागलं. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंडला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. मला या सगळ्या इतिहासात त्या पथकाचं काम सगळ्यात मोठं वाटतं. नियम छापून पाठवणं सोपं असतं. गावात जाऊन तिथल्या पोलिसाला आणि क्लबच्या पोरांना एकत्र बसवणं अवघड.

पण तिथे एकट्या एनएचआरएचं राज्य राहिलं नाही. एनएचआरएने १९५७ मध्ये नायट्रोमिथेन या इंजिनाची ताकद खूप वाढवणाऱ्या इंधनावर बंदी घातली. त्याच काळात एएचआरए ही दुसरी संस्था उभी होती आणि तिच्याकडे नायट्रो चालत होतं, म्हणून बडे चालक तिकडे वळले. १९६३ च्या सुमारास एनएचआरएला बंदी मागे घ्यावी लागली. १९७० मध्ये लॅरी कॅरियर यांनी आयएचआरए ही आणखी एक संस्था काढली. तिथे या संस्था खासगी आहेत. ट्रॅकचा मालक कुणाशी करार करायचा ते ठरवतो, आणि कोणत्या नियमाखाली पळायचं ते चालक ठरवतो. एफआयएशी असलेलं नातं एसीसीयूएस ही देशपातळीवरची समिती सांभाळते आणि एनएचआरए तिची सदस्य आहे. युरोपात मात्र एफआयएची स्वतःची ड्रॅग रेसिंग चॅम्पियनशिप चालते. इंग्लंडमधला सँटा पॉड हा त्यातला नावाजलेला ट्रॅक युद्धकाळातल्या विमानतळावर १९६६ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनेही सुरुवातीची कैक वर्षं चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच शर्यती भरवल्या.

नियम कसे बनतात याचं एकच उदाहरण देतो. ड्रॅगचं मूळ अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. जून २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कॅलिटा या चालकाचा मृत्यू झाला. त्यांच्या गाडीने शेवटची रेषा ओलांडेपर्यंत इंजिन फुटलं होतं, आणि थांबायला उरलेली जागा पुरली नाही. पुढच्याच महिन्यात एनएचआरएने सर्वांत वेगवान, नायट्रोवर पळणाऱ्या गाड्यांचं अंतर १००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३०५ मीटरवर आणलं. पन्नास-साठ वर्षांची सवय मोडली, ती थांबायला जास्त जागा मिळावी म्हणून. तेव्हा एखाद्या स्पर्धेची जाहिरात बघताना बक्षिसाचा आकडा नंतर वाचा. आधी विचारा, शेवटच्या रेषेपुढे किती मीटर मोकळा डांबर आहे.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावायला बैलगाडा मैदानासारखं दुसरं उदाहरण नाही. सरळ धाव, आखलेले तास (म्हणजे प्रत्येक गाड्याची वेगळी पट्टी), झेंडा पंच, गट, सेमी, फायनल. ड्रॅगची रचना हुबेहूब तीच. आणि परवानगीची कथाही तशीच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा करून नियम बनवले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आज मैदान भरवायचं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते. शर्यत टिकली ती नियमात बसल्यामुळे, हे इथल्या गाडामालकाला कुणी शिकवायला नको.

पात्रता

रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटात उतरायचं तर १८ वर्षं पूर्ण आणि त्या प्रकारच्या गाडीचं वैध लायसन्स हवं, असं धरून चाला. लर्निंग लायसन्सवर कुणी उभं करत नाही. दुचाकी आणि चारचाकी यांचे परवाने वेगळे असतात, तेव्हा अर्ज करताना प्रकार नीट निवडा. गट सीसीवरून, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावरून आणि गाडीत किती बदल केलेत यावरून पडतात. आपल्याकडे यामाहाच्या आरएक्सवर जीव टाकणारे खूप आहेत. त्यांनी टू-स्ट्रोकचा गट त्या स्पर्धेत आहे का, हे आधी बघावं. मुलींसाठी वेगळी अट नाही. शर्ली मुलडाउनी यांना १९७३ मध्ये एनएचआरएच्या टॉप फ्युएल या सर्वोच्च गटाचा परवाना मिळाला, असा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे त्या तीन वेळा त्या गटाच्या विजेत्या झाल्या.

कागदपत्रं आणि अर्ज

अर्ज एफएमएससीआयच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. जवळ ठेवायचे ते असे: पासपोर्ट आकाराचा फोटो, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्सच्या दोन्ही बाजू, रक्तगटाचा दाखला आणि डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र. अल्पवयीन स्पर्धकाला परवानगी असलेला गट असेल, तर पालकांचं संमतिपत्रही लागतं. फी प्रकाराप्रमाणे बदलते आणि सुधारतही असते, म्हणून मित्राने गेल्या वर्षी भरलेला आकडा धरू नका. परवाना कॅलेंडर वर्षापुरता असतो. ऑक्टोबरमध्ये काढला तरी ३१ डिसेंबरला संपतो. एकच स्पर्धा डोळ्यासमोर असेल तर हा हिशेब करूनच पैसे भरा.

वैद्यकीय प्रमाणपत्रावर थोडं थांबतो, कारण बरेच अर्ज इथे अडतात. नुसतं ‘फिट आहे’ असं लेटरहेडवर लिहून आणू नका. दिलेला नमुना छापून घ्या आणि नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, दृष्टी, जुनी शस्त्रक्रिया, फिट येण्याचा त्रास, चालू औषधं हे सगळं त्यांच्यासमोर भरा. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तिन्ही स्पष्ट दिसायला हवेत. मोबाइलवर काढलेल्या फोटोत शिक्का पुसट आला तर पुन्हा स्कॅन करा. आणि रक्तगट अंदाजाने लिहू नका. ट्रॅकवरून जखमी माणूस उचलावा लागला तर ती नोंद महत्त्वाची ठरते. नाव आधारवर, लायसन्सवर आणि अर्जात एकसारखं ठेवा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असेल तर खुलासा मागतात.

आयोजकाचं परमिट तपासणं

प्रत्येक मान्यताप्राप्त स्पर्धेची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे त्या स्पर्धेपुरती नियमावली, निघतात. सगळे त्याला ‘एसआर’ म्हणतात. त्यात परमिट क्रमांक, भरवणाऱ्या क्लबचं नाव, गट, प्रवेश फी, सुरक्षा साहित्य, स्ट्युअर्ड (निर्णय देणारे पंच) आणि क्लार्क ऑफ द कोर्स (स्पर्धा चालवणारा मुख्य अधिकारी) यांची नावं असतात. एसआर मागितल्यावर ‘ग्रुपवर टाकतो’ असं उत्तर आलं आणि दोन दिवस काही आलं नाही, तर प्रवेश फी भरू नका. परमिट क्रमांक मिळाला की संस्थेच्या कॅलेंडरशी ताडून बघा. बिनपरवाना स्पर्धेत उतरलेल्या परवानाधारकावर एफआयएच्या क्रीडासंहितेनुसार निलंबनाची कारवाई होऊ शकते. म्हणजे एका दिवसाच्या हौसेपायी वर्षभराचा परवाना जातो.

कायद्याची बाजू त्याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागेत शर्यत लावली किंवा भाग घेतला, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९ अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. घरातल्या मोठ्यांनी हे वाक्य पोरांना वाचून दाखवावं.

विम्याचा कागदही कपाटातून काढून बघा. नेहमीच्या मोटार पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मजकुराखाली संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मान्यताप्राप्त ट्रॅकवर गाडी आपटली तरी त्या पॉलिसीतून पैसे मिळत नाहीत. स्पर्धक म्हणून अपघात विमा मिळतो का, किती आणि कशासाठी, हे अर्ज भरतानाच वाचून घ्या.

गाडी तपासणी

स्पर्धेआधी स्क्रूटिनी होते. दुचाकीचे आरसे, इंडिकेटर, स्टँड काढायला लावतात, काचेच्या दिव्यांवर टेप मारायला लावतात. तेलाच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून तार ओवलेली असावी लागते, आणि ती तार बोल्ट आवळला जाईल अशा दिशेने ओढलेली हवी. पोरं हसतात या तारेला. पण तो बोल्ट कंपनाने सैल झाला तर तेल थेट मागच्या टायरखाली येतं आणि तुमच्यामागून येणाऱ्या गाडीच्या तासावरही पसरतं. चारचाकीत बॅटरी घट्ट बांधलेली, टर्मिनल झाकलेलं, ओढायचा हुक आणि आत एकही सुटी वस्तू नको. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, दुचाकीला लेदर सूट. हेल्मेटला कोणतं मानक चालतं ते एसआरमध्ये दिलेलं असतं.

अशी बदललेली गाडी चालवत ट्रॅकवर नेऊ नका. कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही आणि प्रत्येक बदलामागे पाच हजारांच्या दंडाची तरतूद आहे. पिकअपमध्ये बांधून न्या. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक राष्ट्रीय महामार्ग ४८ वरच आहे, म्हणजे आपल्या साताऱ्या-कऱ्हाडवरून जाणाऱ्या त्याच हायवेवर. ज्या रस्त्यावर रात्री टॉप स्पीड काढायला पोरं जातात, तोच रस्ता सरळ तिकडे जातो.

इथेच स्पर्धा भरवायची असेल तर

कवलापूरच्या जुन्या धावपट्टीकडे बघून हा प्रश्न सांगलीत हमखास निघतो. आधी एफएमएससीआयशी संलग्न क्लब हवा. व्यक्तीला परमिट मिळत नाही. मग जागेच्या मालकाची लेखी संमती, ट्रॅकची पाहणी, एसआरचा मसुदा, सार्वजनिक दायित्वाचा विमा, रुग्णवाहिका, अग्निशमन. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्याकडचे अर्ज याच कागदांच्या आधारे करावे लागतात, म्हणून क्रम उलटा करू नका. नेत्याचं पत्र घेऊन सुरुवात करणारे बरेच असतात. त्या पत्राने ट्रॅकची लांबी वाढत नाही.

निकालावर हरकत

सुटण्याची खूण देणाऱ्या दिव्यांच्या खांबावर हिरवा लागण्याआधी सुटलात तर लाल पेटतो आणि ती धाव जाते. त्यावर वाद घालून उपयोग नसतो. पण समोरच्याची गाडी गटात बसत नाही अशी खात्री असेल तर हरकत घेता येते. ती तोंडी चालत नाही. लेखी द्यायची, ठरलेल्या फीसह, क्लार्क ऑफ द कोर्सकडे. निकालाविरुद्धची हरकत तात्पुरता निकाल लागल्यापासून तीस मिनिटांत द्यावी लागते. एका हरकतीत एकाच स्पर्धकाचं नाव घाला, नियमाचा क्रमांक लिहा, आणि दिल्याची वेळ टाकून पोच घ्या. हरकत मान्य झाली तर फी परत मिळते.