शिशाचा गोळा मेणात कमी का रुततो?

लोखंड, तांबं आणि शिसं यांचे सारख्या वजनाचे तीन गोळे उकळत्या पाण्यात ठेवा. तिघांचं तापमान एकसारखं झालं की झटकन मेणाच्या जाड लादीवर ठेवा. लोखंडाचा गोळा सर्वांत खोल रुततो, तांब्याचा त्याहून कमी आणि शिशाचा जेमतेम खळगा पाडून थांबतो. शाळेत हा प्रयोग दाखवतात, फळ्यावर ‘विशिष्ट उष्माधारकता’ लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. खरी गंमत तिथेच राहून जाते.

धातू लवकर तापतात ते सुवाहक म्हणून, असं पुष्कळांना वाटतं. पण सुवाहकतेवरून कळतं ते उष्णता किती वेगाने पसरते एवढंच. एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला किती उष्णता लागते, हा हिशेब वेगळा; त्यालाच विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. पाण्याला 4.18 ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक) लागतात, ॲल्युमिनियमला 0.90, लोखंडाला 0.45, शिशाला अवघे 0.13.

1819 मध्ये ड्युलाँग आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे आकडे अणुभाराने गुणून पाहिले. आपणही पाहू. ॲल्युमिनियम: 0.90 गुणिले 27, म्हणजे 24.3. लोखंड: 0.45 गुणिले 56, म्हणजे 25.2. शिसं: 0.13 गुणिले 207, म्हणजे 26.9. सगळे 25 च्या आसपास! घन पदार्थातला प्रत्येक अणू जागच्या जागी थरथरत असतो आणि ही थरथर एका अंशाने वाढवायला, अणू हलका असो वा जड, जवळपास तेवढीच ऊर्जा लागते. शिशाचा अणू जड, म्हणून एका ग्रॅममध्ये अणू थोडे, म्हणून उष्णतेचा साठाही थोडा. मेण वितळवायला त्याच्याकडे फारसं काही उरतच नाही.

हिरा मात्र या नियमात बसत नव्हता. त्याचा गुणाकार येतो सहाच्या आसपास. 1907 मध्ये आइन्स्टाइनने कोडं सोडवलं: थरथरीला ऊर्जा हवी तेवढी थोडी थोडी घेता येत नाही, ती ठरावीक मापाच्या गठ्ठ्यांत, म्हणजे पुंजांतच मिळते. कार्बनचे अणू हलके, त्यांचे बंध ताठ, त्यामुळे थरथर फार जलद आणि एकेक पुंज मोठा. खोलीच्या तापमानाला बहुतेक थरथरींना एक पुंजसुद्धा परवडत नाही. हिरा खूप तापवत नेला, की त्याचा आकडाही 25 च्या दिशेने चढत जातो. हे आइन्स्टाइनच्या आधीच, 1870 च्या दशकात, हाइनरिख वेबर यांनी मोजून ठेवलं होतं. पुढे झुरिकमध्ये तेच आइन्स्टाइनचे प्राध्यापक झाले.