भाकरी थापता येत नाही तेव्हा लागणारा आधार

सकाळी सहाला दुधाची पिशवी येते आणि तिचा कोपरा कापायला मला कात्री धरता येत नाही. बोटं आखडलेली असतात, तास-दीड तास तरी सुटत नाहीत. मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आमच्या सांगलीकडं सगळ्याला सरसकट वातच म्हणतात, पण म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा नव्हे, यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीनपट जास्त होतो.

बाहेरून काही दिसत नाही ना, म्हणून मग "चांगली तर दिसतीयस की" पासून सुरू होतं आणि हळदीच्या दुधापर्यंत जातं. सांगणारे मायेनंच सांगतात, मला कळतं, पण दिवसातनं चौथ्यांदा ऐकलं की वाटतं मीच कुठंतरी कमी पडतेय.

आणि मन खचतं त्याला नुसती परिस्थिती कारण नसते. सांध्यात सूज असते तेव्हा शरीरात टीएनएफ, आयएल-६ असे पदार्थ वाढलेले असतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि मग थकवा येतो, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जीव कशात लागत नाही. फ्लू झाल्यावर आपण कोपऱ्यात पडून राहतो तसंच, फक्त इथं ते महिनोन्महिने चालतं. त्यामुळं "मन खंबीर ठेव" असं कुणी म्हणालं की मला सांगावंसं वाटतं, अहो ही सुजेचीच एक बाजू आहे, तीही डॉक्टरांना सांगायची असते, आणि मी आता सांगते.

मग माणसांचा आधार नेमकं काय करतो? अमेरिकेत जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. १६ विवाहित बायकांना एमआरआय मशिनमध्ये झोपवलं आणि पायाच्या घोट्याला विजेचा छोटा झटका बसू शकतो अशी खूण दाखवत राहिले. हात कुणीच धरला नव्हता तेव्हा मेंदूतले धोक्याला जागे होणारे भाग जोरात चालत होते, अनोळखी माणसानं हात धरला तर थोडे शांत झाले आणि नवऱ्यानं धरला तर सगळ्यात जास्त. ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं त्यांच्यात तर आणखी. कुणी एक शब्द बोललेलं नाही, सल्ला नाही, नुसता हात.

दुसरं संशोधन मला जास्त पटलं कारण ते माझ्या दारातच घडतंय. नायल बोल्जर यांनी २००० साली अशी जोडपी घेतली ज्यातला एक जण वकिलीच्या मोठ्या परीक्षेला बसणार होता आणि दोघांनाही रोज लिहायला लावलं, आज आधार दिला का, आज मिळाला का. ज्या दिवशी देणारा म्हणत होता दिला, पण घेणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं, त्या दिवसांचा फायदा सगळ्यात जास्त होता. उघड दिसणाऱ्या मदतीनं उलट मन जड व्हायचं, कारण आपल्याला जमत नाही हे परत समोर येतं.

आमच्या शेजारच्या काकू जाता जाता पिशवीचा कोपरा कापून ती पातेल्यात उभी करून ठेवतात. किती दिवस मला वाटायचं हे नवऱ्यानंच केलंय! जाऊबाई स्वतःच्या भाकरी थापताना दोन जास्तीच्या थापते आणि "पीठ उरलं होतं" म्हणते.

पण आधार देणाऱ्याचं काय, हे विचारायचं राहूनच जातं. १९९५ साली ओहायोमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायकांच्या हातावर अगदी बारीकशी जखम केली आणि ती किती दिवसांत भरते ते मोजलं. असा ताण नसलेल्या बायकांपेक्षा त्यांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. सांभाळणाऱ्याच्या अंगावर ताण असा उतरतो. म्हणून महिन्यातनं एक रविवार नवरा मित्रांबरोबर हरिपूरला संगमावर जातो, आणि मीच त्याला पाठवते. घरात बोलता येत नाही असं कुणाला वाटत असेल तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धीर मिळाला तो मिरजेच्या ओपीडीतल्या बाकावर. तासगावकडच्या एक ताई, हाच आजार, माझ्याआधी सहा वर्षं. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "आठवड्याची गोळी कुठल्या वारी घेतेस? दुसऱ्या दिवशी मळमळतं न्हवं?" घरच्यांना हा प्रश्न कधी सुचला नसता, त्यांचा दोष नाही, ते त्यातनं गेलेलेच नाहीत. आता पावसाळी हवा पडली की त्यांचा सकाळी फोन येतो.

"बोटं वळत्यात का गं आज?"

"नाही हो ताई."

"माझी बी न्हाईत. बस मग जरा, चहा नंतर ठेव."