आजारी कोंबड्यांची शुश्रूषा आणि हिवाळ्यातील ऊब

आजारी कोंबड्यांची शुश्रूषा : परसात पाळलेल्या थोड्या कोंबड्यांपैकी आजारी पडलेलीला वेगळे काढून उबेत ठेवणे, पाणी व अन्न पोटात जाईल असे पाहणे आणि बरी झाल्यावर पुन्हा कळपात मिसळणे, इतकी कामे तिच्यात येतात. हिवाळ्यात या कामाला उबेचा प्रश्न जोडला जातो आणि बहुतेकांची गल्लत तिथेच होते. आजारी कोंबडीला बाहेरून उष्णता द्यावी लागते. धडधाकट कळपाला मात्र उष्णतेपेक्षा कोरडी जागा आणि खेळती हवा लागते. दोघांना एकच उपाय केला, की एकीकडे कोंबडी थंडीने दगावते आणि दुसरीकडे बंद खुराड्यात सगळ्यांना सर्दी होते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते टिकवण्यासाठी ती पिसे फुलवून त्यांच्यात हवा कोंडते आणि खाल्लेल्या दाण्याची उष्णता वापरते. पिसे भिजली किंवा खाणे थांबले, की ही व्यवस्था कोलमडते. आजारात खाणेच थांबते, म्हणून जी थंडी बाकीच्या कोंबड्यांना जाणवतही नाही, ती आजारी कोंबडीला पुरती भोवते.

आजार ओळखणे

कळपात दुबळेपणा दिसला तर बाकीच्या कोंबड्या टोचून हैराण करतात. त्यामुळे कोंबडी आजार लपवते आणि तो दिसू लागतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो. सकाळी खुराडे उघडल्यावर शेवटी बाहेर येणारी, दाणे टाकल्यावर धावत न येणारी, पिसे फुलवून मान आत ओढून डोळे मिटणारी, शेपूट खाली पाडलेली कोंबडी लगेच हातात घेऊन तपासावी. तुरा फिका, निळसर किंवा सुरकुतलेला आहे का ते पाहावे. छातीचे हाड चाचपावे. ते सुरीच्या धारेसारखे हाताला लागत असेल तर वजन बरेच दिवसांपासून उतरते आहे. गळ्याखालची अन्नाची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि पहाटे रिकामी असायला हवी. पहाटेही ती भरलेली लागली तर अन्न पुढे सरकत नाही.

विष्ठेवरून बरेच कळते. पांढऱ्या टोकाची घट्ट विष्ठा निरोगी असते. मधूनमधून येणारी तपकिरी, चिकट आणि अतिशय घाण वासाची विष्ठाही नैसर्गिकच, तिला हगवण समजून औषध देऊ नये. गडद हिरवी, पातळ विष्ठा म्हणजे पोट रिकामे आहे आणि नुसते पित्त पडते आहे. रक्त दिसले, विशेषतः लहान पिलांत, तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा.

खुडूक बसलेली आणि पिसे गाळणारी कोंबडी मात्र हमखास फसवते. खुडूक कोंबडीही फुगून एका जागी बसते आणि खात नाही, पण हात लावला की चिडून ओरडते, टोचायला येते. आजारी कोंबडीला उचलले तरी ती निमूट राहते.

वेगळे ठेवणे आणि ऊब

दोन वीत लांब, हवेशीर खोका किंवा पिंजरा पुरतो. खाली जुना टॉवेल अंथरावा. भुशापेक्षा तो बरा, कारण विष्ठा स्पष्ट दिसते आणि अशक्त पायांना पकड मिळते. खोका शांत, अंधुक जागी ठेवावा, पण स्वयंपाकघरात नको. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू माणसात येतात. निरोगी कोंबड्यांचे काम आधी आणि आजारीचे शेवटी करावे, भांडी वेगळी ठेवावीत, हात साबणाने धुवावेत.

ऊब खोक्याच्या एकाच टोकाला द्यावी आणि तिथे तापमान 27 ते 30 अंश राखावे. दुसरे टोक गार राहू द्यावे, म्हणजे कोंबडी स्वतःच जागा निवडते. चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल तर उष्णता जास्त झाली. वीज नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवता येते, पण ती दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते. गार झालेली बाटली उलट कोंबडीच्याच अंगाची ऊब ओढून घेते. रात्री ठेवून सकाळी पाहिली, असे करून चालत नाही. दिवा लावायचा तर त्यावर टेफ्लॉनचा मुलामा नाही याची खात्री करावी. तापलेल्या टेफ्लॉनच्या वाफेने पक्षी पटकन मरतात.

पाणी, अन्न, औषध

क्रम महत्त्वाचा आहे : आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न. गार पडलेल्या कोंबडीचे पचन जवळजवळ थांबलेले असते. तिला लगेच भरवले, तर अन्न पिशवीत पडून आंबते. अंग गरम लागेपर्यंत, साधारण तासभर, काही देऊ नये.

त्यानंतर 1 लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे साखर, पाव लहान चमचा मीठ आणि पाव लहान चमचा खाण्याचा सोडा मिसळून द्यावे. मीठ अंदाजाने टाकू नये, कोंबडीला मिठाची विषबाधा लवकर होते. हे पाणी पहिला एक-दोन दिवसच, सोबत साध्या पाण्याचे भांडे असावेच. स्वतः पीत नसेल तर ड्रॉपरने एकेक थेंब चोचीच्या कडेला ठेवावा आणि ती गिळेपर्यंत थांबावे. कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. चोच उघडून पाणी ओतले तर ते थेट फुप्फुसात जाते आणि बरी होऊ शकणारी कोंबडी काही मिनिटांत जाते. नळीने भरवणे पशुवैद्याकडून हाताने शिकल्याशिवाय करू नये.

कोंबडी पिऊ लागली, की तिचेच नेहमीचे खाद्य कोमट पाण्यात भिजवून, थोडे उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. थोडे, पण दिवसातून चार-पाच वेळा. निरोगी कोंबडी दिवसाला 100 ते 125 ग्रॅम खाते आणि 200 ते 300 मिलिलिटर पाणी पिते, आजारीकडून पहिल्या दिवशी त्याच्या चौथ्या भागाची अपेक्षा पुरे. रोज एकाच वेळी वजन करावे. डोळ्यांना कोंबडी बरी दिसत असते तेव्हाही वजनाचा आकडा खरे सांगतो.

प्रतिजैविक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच, वजनाप्रमाणे आणि सांगितलेले सगळे दिवस द्यावे. औषध चालू असताना आणि नंतर ठरावीक दिवस अंडी खायची नसतात, तो काळ विचारून घ्यावा. रक्ती हगवणीवर दिले जाणारे अँप्रोलियम जीवनसत्त्व ब-1 अडवूनच काम करते, म्हणून त्याच दिवसांत ब-1 असलेले टॉनिक दिले तर औषध वाया जाते.

एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मरू लागल्या, डोके सुजले, तुरा काळानिळा पडला, मान वाकडी झाली, तर घरगुती शुश्रूषा थांबवावी. राणीखेत, म्हणजे मानमोडी, किंवा बर्ड फ्लू असू शकतो. मेलेले पक्षी न हाताळता पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे.

थंडीतील दोन तक्रारी

अंडे अडकलेली कोंबडी ताठ उभी राहते, शेपूट वरखाली करत जोर लावते, मध्येच बसते. तिला 38 ते 40 अंशांच्या पाण्यात पोटापर्यंत 15-20 मिनिटे बसवावे, गुदद्वाराला थोडे पेट्रोलियम जेली लावावे आणि मग अंधाऱ्या, उबदार खोक्यात सोडावे. पोट दाबून अंडे काढू नये. आत फुटलेल्या कवचाने इजा होऊन जंतुसंसर्ग होतो. हिवाळ्यात यातला सर्वांत मोठा धोका अंघोळीनंतरचा आहे : पिसे मुळापर्यंत सुकल्याशिवाय कोंबडी बाहेर काढू नये. टॉवेलने टिपून नंतर मंद गरम हवेच्या झोताने वाळवायला बराच वेळ लागतो, तो द्यावाच. काही तासांत अंडे पडले नाही तर पशुवैद्य गाठावा.

कडाक्याच्या थंडीत तुऱ्याची टोके गोठतात. आधी पांढरी, मग काळी पडतात. मोठ्या एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांना हा त्रास जास्त. चोळू नये, शेकू नये, काळा भाग कापू नये. तो आपोआप गळून पडतो. पेट्रोलियम जेलीने हे टळते असा समज आहे, पण हिमदंश व्हायला थंडीच्या जोडीने खुराड्यातला ओलावा लागतो आणि त्यावर जेलीचा काही उपयोग नाही.

खुराड्याची ऊब

एक कोंबडी सुमारे 10 वॅटच्या दिव्याइतकी उष्णता देते, पण दिवसाला 100 ते 150 ग्रॅम विष्ठाही टाकते, आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणीच असते. शिवाय श्वासातली वाफ वेगळी. खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवल्या, की हे पाणी छताला लागून पिसांवर ठिबकते आणि विष्ठेतला अमोनिया साचतो. अमोनियाने डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे अस्तर खराब होते आणि सर्दी हटत नाही. म्हणून हवेची छिद्रे छताजवळ, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर असावीत, आणि दांडीच्या उंचीवर मात्र वारा लागता कामा नये. पहाटे आत वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन हुंगावे. डोळ्यांत झोंबले तर कोंबड्या रात्रभर त्यातच होत्या.

बसायची दांडी गोल, बारीक नको. 5 ते 9 सेंटिमीटर रुंद सपाट लाकूड असावे, म्हणजे बसल्यावर बोटे पिसांखाली झाकली जातात. जमिनीवर भुशाची किंवा तुसाची गादी 15 सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवावी आणि अधूनमधून उलथावी. मूठभर दाबून पाहावी. गोळा होऊन राहिला तर ओली आहे, वरून कोरडा भुसा घालून भागत नाही, ती काढावीच लागते.

खुराड्यात उष्णतेचा दिवा टांगणे हे आगीचे नेहमीचे कारण आहे. एक दिवा पडला, की भुसा पेटायला वेळ लागत नाही. त्यातून कोंबड्या उष्णतेला सरावतात आणि ज्या रात्री वीज जाते त्या रात्री त्यांना सर्वाधिक त्रास होतो. स्वेटर घालण्याची हौसही टाळावी, त्याने पिसे दबतात आणि फुलवताच येत नाहीत. त्यापेक्षा संध्याकाळी थोडे अख्खे धान्य द्यावे, ते रात्रभर हळूहळू पचत अंगात ऊब ठेवते. दिवसातून दोनदा कोमट पाणी बदलून द्यावे. पाणी गोठले, की कोंबडी खाणेही सोडते.

कळपात परत सोडणे

घरात उबेत राहिलेली कोंबडी बाहेरची थंडी विसरते. तिला एकदम थंडीत सोडू नये. उष्णता रोज दोन-तीन अंशांनी कमी करावी आणि तिचे वजन स्थिर राहते का पाहावे. मग दोन-तीन दिवस दिवसा कळपाशेजारी, मध्ये जाळी ठेवून बसवावे. जखमेवर रक्त किंवा उघडी लाल कातडी दिसत असेल तर थांबावे, कारण बाकीच्या तिथेच टोचतात. सगळे जुळल्यावर अंधार पडल्यावर तिला दांडीवर इतरांच्या मध्ये बसवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे व पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. एकच भांडे असले तर दबलेल्या कोंबडीला त्याच्याजवळ कोणी येऊ देत नाही.