देवा, मी दिलं. आता तू दे

बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काशाचा एक पुतळा आहे. उंची जेमतेम 20 सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. पाय गुडघ्यापासून तुटलेले, उजवा हात गायब, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. मान लांबलचक, धड त्रिकोणी, कंबर मुठीत मावेल एवढी. इ.स.पू. 700 ते 675 या काळातला, ग्रीसमधल्या थीब्जचा. त्याच्या मांड्यांवर दोन ओळींचं पद्य कोरलंय आणि त्यात पुतळा स्वतःच बोलतो. मांतिक्लोसनं मला दूरवर नेम साधणाऱ्या, रुपेरी धनुष्याच्या देवाला आपल्या कमाईच्या दशांशातून वाहिलं. फोइबोस, तूही बदल्यात काही बरं दे. फोइबोस म्हणजे अपोलो.

याला भक्ती म्हणायची की व्यवहार, हा प्रश्न नवस फेडणाऱ्या माणसाला पडायचा नाही. आपल्याकडे आधी मागणं आणि काम झाल्यावर फेड. मांतिक्लोसनं आधी देऊन मग हात पुढे केलाय, एवढाच फरक. मला त्यात जास्त नवल वाटतं ते त्याच्या नावाचं. राजा नाही, कुणी मोठा सेनापती नाही, तरी त्याचं नाव देवाला वाहिलेल्या पुतळ्यावर. आरंभीच्या ग्रीकांचा धर्म, कला आणि समाज एकाच धाग्यात ओवायचे तर 'देवाला कोण देतंय?' हा प्रश्न धरून चालावं.

पाचशे वर्षं मागे गेलो तर हे उत्तर सोपं होतं : राजवाडा. दक्षिण ग्रीसमधल्या पायलॉसचा वाडा इ.स.पू. 1200च्या आसपास जळला आणि कारकुनांच्या कच्च्या मातीच्या पाट्या त्या आगीत भाजून पक्क्या झाल्या. म्हणून त्या टिकल्या. त्यांवरची लिपी, 'लिनिअर बी', मायकेल व्हेंट्रिसनं 1952 साली उलगडली. एका पाटीवर झ्यूस आणि हेरा या देवांची नावं आहेत, त्यांच्यापुढे सोन्याची भांडी आणि त्यांच्यासोबत पाठवलेली माणसं. सगळी नोंद कोठीच्या वहीसारखी कोरडी. पुढे वाडे गेले, कारकून गेले आणि लिहिणंही गेलं, तेही चार शतकांहून जास्त काळ.

या मधल्या काळातली श्रीमंती कुठं होती, ते यूबिया बेटावरच्या लेफ्कांदीला दिसलं. इ.स.पू. 950च्या सुमाराची, जवळपास 50 मीटर लांबीची एक इमारत तिथं सापडली. जमिनीखाली एका पुरुषाच्या अस्थी, कापडात गुंडाळून सायप्रसहून आलेल्या काशाच्या भांड्यात ठेवलेल्या. शेजारी एक स्त्री, छातीवर सोन्याच्या तबकड्या, डोक्याजवळ हस्तिदंती मुठीची लोखंडी सुरी. तिला मारून पुरलं की काय, यावर वाद आहे. दुसऱ्या खड्ड्यात चार घोडे. मग इमारत पाडून वर मातीचा ढिगारा रचला. सगळी दौलत जमिनीखाली गेली आणि एका घराण्याचा मोठेपणा तेवढा वर राहिला.

अथेन्समध्ये हेच दोनशे वर्षांनी मातीच्या भांड्यांनी केलं. केरामेइकोस, म्हणजे आपल्या भाषेत कुंभारवाडा, तिथल्या दफनभूमीत एका स्त्रीच्या थडग्यावर दीड मीटरहून उंच रांजण उभा होता. नखशिखांत नक्षी : नागमोडी पट्टे, हरणं, बकऱ्या. मधोमध तिरडीवर बाई निजवलेली आणि दोन्ही बाजूंना शोक करणारे. त्यांची धडं उलटे त्रिकोण आणि डोक्यावर धरलेल्या हातांचे आणखी दोन कोन. चेहऱ्यावर काहीच नाही. तरी आक्रोश कळतो.

आणि मग, इ.स.पू. आठव्या शतकात, पारडं फिरलं. थडग्यांमधला धातू घटू लागला आणि देवस्थानांत त्याचे ढीग लागले. ऑलिंपियाच्या मातीतून काशाचे आणि मातीचे छोटे घोडे-बैल हजारोंनी निघालेत. ओतकामात बिघडलेले तुकडेही तिथंच सापडले, म्हणजे कारागीर यात्रेच्या जागीच बसून माल ओतत होते. देवळाबाहेरची दुकानं ही काही आपलीच खासियत नाही. मोठ्या लोकांच्या देणग्याही मोठ्या : तीन पायांचं पातेलं, मूळचं स्वयंपाकाचं, फुगत फुगत माणसाच्या उंचीचं झालं. त्यात कुणी मटण शिजवलं नाही. ते बघण्यासाठीच होतं.

हे का घडलं? या काळात नगरराज्यं आकार घेत होती, आणि थडगं एका कुटुंबाचं असतं, देवस्थान सगळ्यांचं. प्रतिष्ठा मिरवायची तर जिथं चार गावांचे लोक येतात तिथं मिरवावी, एवढा साधा हिशेब मला यात दिसतो. श्रीमंत उदार झाले, असं मी म्हणणार नाही. त्यांनी दिखाव्याची जागा बदलली. पण त्या जागेत गरिबालाही दोन बोटांचा मातीचा घोडा ठेवता येत होता. थडग्यावरचा दीड मीटरचा रांजण त्याच्या आवाक्यातला नव्हता.

पूजेचं केंद्र देऊळ नव्हतं, उघड्यावरची वेदी होती. देऊळ म्हणजे देवाचं घर आणि त्याच्या भेटवस्तूंची कोठी. वेदीवर बळी दिला की मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची आणि मांस माणसांनी वाटून खायचं. यात देवाची फसवणूक आहे हे ग्रीकांनाही कळत होतं. त्याचं खापर त्यांनी प्रोमिथियसच्या माथी मारलं : पुराणकथेत त्यानंच झ्यूसला फसवून हाडांचा वाटा घ्यायला लावला. ही नुसती कथा नाही. अनेक वेदींच्या राखेत मेंढ्या-बकऱ्यांची जळकी मांडीची हाडं सापडतात, काही ठिकाणी शेपटीचे मणकेही. अथेन्सच्या भांड्यांवर वेदीच्या ज्वाळेत वर वळलेलं काहीतरी रंगवलेलं असतं. अभ्यासकांनी बैलाचं शेपूट खरोखर आगीवर ठेवून पाहिलं. ते तापल्यावर आकसून तसंच वर वळतं. देवानं बळी स्वीकारल्याची ती खूण मानली जाई.

देवस्थानात बायकाही देत होत्या. डेलॉस बेटावर निकांद्रेनं इ.स.पू. 650च्या सुमारास आर्टेमिस देवीला संगमरवरी स्त्रीमूर्ती वाहिली, माणसाच्या उंचीची आणि फळीसारखी सपाट. मूर्तीवरचा लेख सांगतो की ही नॅक्सॉसच्या देइनोदिकेसची मुलगी, इतर बायकांत उठून दिसणारी, देइनोमेनेसची बहीण, फ्राक्सोसची बायको. नाव तिचं; ओळख मात्र वडील, भाऊ आणि नवरा मिळून.

पुढच्या शतकात अथेन्सच्या अक्रोपोलिस या देवस्थानाच्या टेकडीवर नेआर्खोस नावाच्या माणसानं माणसाहून उंच मूर्ती अथेना देवीला दिली, 'कामाची पहिली कमाई' म्हणून. लेखाचा दगड मोडलाय, पण नेआर्खोस बहुधा कुंभार होता. तसं असेल तर पैसा कुठून आला ते उघड आहे. अथेन्सच्या काळ्या चकचकीत भांड्यांना समुद्रापार गिऱ्हाईक होतं. गंमत अशी की तो काळा म्हणजे निराळा रंग नव्हेच. भांड्याच्याच जातीची लोहयुक्त माती पाण्यात निवळून तिचा अगदी बारीक गाळ चित्रावर लावायचा. भट्टीत आधी हवा सोडायची, सगळं लाल. मग वारा बंद करून ओली लाकडं टाकायची. भट्टीतला ऑक्सिजन संपला की लाल लोह-ऑक्साइड काळं पडतं आणि बारीक गाळाचा थर वितळून काचेसारखा घट्ट होतो. शेवटी पुन्हा हवा. सच्छिद्र अंगात ती शिरते आणि अंग परत लाल होतं. काचेच्या थरात शिरत नाही, म्हणून चित्र काळंच राहतं. ही सगळी किमया एकाच भाजणीत. थर्मामीटर नाही, भोकातून डोकावून अंदाज. चुकलं तर अख्खी भट्टी वाया.

इ.स.पू. 480 मध्ये इराणी फौजेनं अक्रोपोलिस जाळलं, मूर्ती फोडल्या. परत आलेल्या अथेन्सकरांनी त्या बाहेर नेऊन टाकल्या नाहीत. देवाला दिलेलं देवाचंच. त्यांनी ते तुकडे तिथंच टेकडीच्या भरावात पुरले. 1880च्या दशकात ते वर निघाले तेव्हा ओठांवर, केसांवर, वस्त्रांच्या काठांवर रंग दिसत होते. जो रंग उडालाय त्याचाही माग काढता येतो. अतिनील प्रकाशात एकेकाळी रंगानं झाकलेला दगड आणि उघडा दगड वेगळे दिसतात. 'इजिप्शियन निळा' हा रंग तर साध्या प्रकाशात धरला की अवरक्त किरण सोडतो. डोळ्याला न दिसणारा कणही कॅमेऱ्यात पांढरा चमकतो. पांढऱ्याशुभ्र ग्रीक मूर्तींची आपली कल्पना पाऊस आणि काळानं धुतलेल्या दगडांवरून बेतलेली आहे.

त्याच टेकडीवर इ.स.पू. 490च्या सुमाराचा एक साधा दगड सापडलाय, त्यावर पूर्वी पाण्याचं पात्र बसवलेलं होतं. लेख तीनचार शब्दांचा. स्मिकीथे, धोबीण, हिनं दशांश वाहिला. वडिलांचं नाव नाही, नवऱ्याचं नाही.