दहा टक्के पाण्यात मासे जगतात?

धरणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘नदीत १० टक्के पाणी सोडलं की मासे जगतात, हे शास्त्राने सिद्ध झालंय.’ तसं काही सिद्ध झालेलं नाही.

या आकड्याचं मूळ अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ डोनाल्ड टेनंट यांच्या १९७६ च्या लेखात सापडतं. माँटाना, वायोमिंग आणि नेब्रास्का इथल्या नद्यांवर त्यांनी मोजमापं घेतली. वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्क्यांवर बहुतेक जलचर थोडाच काळ तग धरतात, असं ते सांगतात. वर्षभर १० टक्केच ठेवले, तर त्यांच्याच तक्त्यात त्या नदीचा शेरा ‘निकृष्ट’ असा येतो! ‘चांगल्या’साठी हिवाळी सहामाहीत २० आणि एप्रिल ते सप्टेंबर ४० टक्के लागतात.

एवढ्याशा पाण्यात पात्र आक्रसतं, बाजूचे फाटे कोरडे पडतात, गोटे उघडे पडतात. मासे डोहांत कोंडतात. मोठ्या माशाला उथळ खळाळ ओलांडून वर जाता येत नाही. महासीर मासा पावसाळी पुरात प्रवाहाविरुद्ध चढून वाळू-गोट्यांत अंडी घालतो, त्यामुळे त्याला तर वेळेवर आलेलं मोठं पाणीच हवं.

म्हणूनच एकच आकडा बारा महिने लावणं चूक आहे. गंगेसाठी केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत हरिद्वारपर्यंतच्या वरच्या भागात नोव्हेंबर ते मार्च २०, ऑक्टोबर, एप्रिल व मेमध्ये २५ आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के असे वेगवेगळे किमान प्रवाह ठरवले आहेत.