प्राचीन ग्रीसची जलसहल : नोंदणीपूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

ग्रीसचे प्राचीन अवशेष पाहण्यासाठी जहाजानेच का जावे, हा प्रश्न आमच्या कोल्हापूरच्या कार्यालयात येणारे बहुतेक ग्राहक विचारतात, आणि तो रास्त आहे. अथेन्स, डेल्फी, ऑलिम्पिया ही स्थळे रस्त्यानेही उत्तम पाहता येतात. परंतु प्राचीन ग्रीक जगाचा मोठा भाग एजियन समुद्रातील बेटांवर विखुरलेला होता, तेथील नगरे बंदराच्या आधाराने वाढली होती, आणि डेलॉससारख्या बेटावर आजही विमान उतरत नाही की पर्यटकाला रात्री राहता येत नाही. शिवाय सहा रात्री एकाच केबिनमध्ये मुक्काम असल्याने बॅगा एकदाच उघडाव्या आणि एकदाच भराव्या लागतात. ज्येष्ठ प्रवाशांसाठी ही सोय लहान नाही.

जहाजाच्या सहलीत एक मोठा दोष असतो, तोही येथेच सांगितलेला बरा. हजारो प्रवाशांची मोठी जहाजे रोज नवे बंदर दाखवतात, पण प्रत्येक ठिकाणी चार-पाच तासच देतात, आणि त्यातील बराच वेळ उतरण्याच्या व चढण्याच्या रांगेत जातो. म्हणून आम्ही शंभराच्या आसपास प्रवासी असलेले लहान जहाज निवडले आहे आणि सहा दिवसांत चारच बंदरे ठेवली आहेत. जहाजावर जलतरण तलाव, कॅसिनो किंवा रात्रीचे रंगमंचीय कार्यक्रम नाहीत. ज्यांना ते हवे आहेत त्यांनी ही सहल घेऊ नये, असे आम्ही मनापासून सुचवतो.

मार्ग आणि त्यामागील विचार

सहल एकूण नऊ दिवसांची आहे. पहिल्या दिवशी अथेन्सला पोहोचून विश्रांती घ्यावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्रोपोलिस हे टेकडीवरील प्राचीन मंदिरसंकुल पाहून सायंकाळी पिरिअस बंदरात जहाजावर चढावयाचे. अक्रोपोलिसची तिकिटे ठरावीक वेळेची असतात. अलीकडच्या उन्हाळ्यांत तीव्र उष्णतेमुळे तेथील प्रवेश दुपारी बंद ठेवावा लागला आहे, त्यामुळे आम्ही सकाळची पहिली वेळ घेतो. ज्यांना चढण जमत नाही त्यांच्यासाठी तेथे लिफ्टची सोय आहे, मात्र त्याची कल्पना आम्हाला आधी द्यावी.

अथेन्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आम्ही पहिल्या नव्हे, तर आठव्या दिवशी ठेवले आहे. यावर काही ग्राहकांनी आक्षेप घेतला होता. मायसीनीच्या कबरीतील सोन्याचा मुखवटा आणि सांतोरिनी बेटावरील अक्रोतिरीच्या घरांतील भित्तिचित्रे आज त्या संग्रहालयात आहेत. लांबच्या विमानप्रवासाने थकलेल्या डोळ्यांनी ती पाहिली, तर काचेमागच्या आणखी काही वस्तू एवढेच त्यांचे स्वरूप उरते. ती भिंत आणि ती कबर जेथे आहे ते ठिकाण आधी पाहून मग संग्रहालयात गेल्यास प्रत्येक वस्तूला तिची जागा आठवते. आधी जागा, मग वस्तू हा क्रम आम्ही बदलणार नाही.

तिसऱ्या दिवशी जहाज नाफ्प्लियो बंदरात थांबते आणि तेथून बसने मायसीनी व एपिडॉरस पाहावयाचे असते. मायसीनीचे सिंहद्वार इ.स.पू. तेराव्या शतकातील आहे. हाइनरिख श्लीमान यांनी १८७६ मध्ये येथील कबरींतून जो सुवर्णमुखवटा बाहेर काढला तो ट्रॉयच्या युद्धातील ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगामेम्नॉन राजाचा मानला गेला, परंतु तो त्या युद्धाच्या परंपरागत काळाहून सुमारे तीनशे वर्षे जुना आहे. एपिडॉरस हे वैद्यकदेवता अ‍ॅस्क्लेपियसचे क्षेत्र होते. येथे रुग्ण देवालयाच्या आवारात झोपत आणि स्वप्नात देव उपचार सांगेल अशी श्रद्धा बाळगत. तेथील इ.स.पू. चौथ्या शतकातील प्रेक्षागृहात सुमारे चौदा हजार माणसे बसू शकत, आणि रंगभूमीच्या मध्यभागी बोललेले वरच्या ओळीतही स्पष्ट ऐकू येते.

चौथा दिवस क्रीट बेटावरील हेराक्लिऑनचा आहे. क्नॉसॉसच्या प्रासादाचे मोठे उत्खनन आर्थर एव्हान्स यांनी १९०० मध्ये सुरू केले, आणि त्यांनी अवशेषांवर काँक्रीटचे खांब, जिने आणि रंगीत भिंती उभ्या केल्या. त्यामुळे आज दिसते त्यातले किती प्राचीन आणि किती विसाव्या शतकातले हे नवख्या माणसाला ओळखता येत नाही. आमचा मार्गदर्शक प्रत्येक दालनात हा भेद दाखवून देईल. येथे दोन लिप्यांतील मृत्पट्टिका सापडल्या. त्यांपैकी 'लिनिअर बी' ही लिपी मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली आणि तिची भाषा ग्रीकच निघाली, तर 'लिनिअर ए' अद्याप कोणालाही वाचता आलेली नाही. दुपारी हेराक्लिऑनच्या संग्रहालयात या पट्टिका आणि १९०८ मध्ये सापडलेली, चिन्हे उमटवलेली फाइस्टॉसची मातीची तबकडी पाहता येईल.

पाचव्या दिवशी सांतोरिनी. बहुतेक लोक पांढरी घरे आणि सूर्यास्त यांसाठी येथे येतात. आमचा मुख्य वेळ मात्र बेटाच्या दक्षिणेकडील अक्रोतिरी या कांस्ययुगीन नगरासाठी राखलेला आहे. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली हे नगर गाडले गेले आणि स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये त्याचे उत्खनन सुरू केले. दोन-तीन मजली घरे, दगडी जिने, सांडपाण्याची गटारे आणि धान्याचे रांजण जागच्या जागी आहेत. इटलीत असेच राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात मृतांचे सांगाडे मिळाले, येथे मात्र ते मिळालेले नाहीत, यावरून रहिवासी आधीच्या भूकंपांनी सावध होऊन निघून गेले असावेत, असे मानले जाते. संपूर्ण स्थळावर छत आहे, त्यामुळे ऊन-पावसाचा त्रास होत नाही. परतताना फिरा गावातून जुन्या बंदरावर उतरण्यासाठी केबल कार आहे, आणि सुमारे ५८० पायऱ्यांची वाटही आहे. त्या पायऱ्यांवर गाढवांवरून ने-आण केली जाते. आमच्या सहलीत ती सोय आम्ही घेत नाही, कारण त्या जनावरांचे हाल आम्हाला पाहवत नाहीत.

डेलॉस

या सहलीतील सर्वांत महत्त्वाचे स्थळ आमच्या मते डेलॉस आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मिकोनोस बेटावरून होडीने सुमारे अर्ध्या तासावर असलेले हे बेट जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे आणि उजाड आहे. अपोलो देवाचा जन्म येथे झाला, अशी ग्रीकांची श्रद्धा होती. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सकरांनी बेटावरील सर्व थडगी उकरून अवशेष शेजारच्या रेनिया बेटावर नेले आणि यापुढे डेलॉसवर कोणी जन्मू नये व कोणी मरू नये, असा दंडक घातला. प्रसूती जवळ आलेल्या स्त्रियांना आणि आसन्नमरण माणसांना होडीत घालून रेनियावर नेले जाई. पुढे इ.स.पू. १६६ मध्ये रोमने हे करमुक्त बंदर केले, आणि जेथे मरण्यास मनाई होती तेथे माणसांच्या खरेदी-विक्रीची मोठी बाजारपेठ उभी राहिली. इ.स.पू. ८८ मध्ये रोमशी लढणाऱ्या मिथ्रिडेटीस राजाच्या सैन्याने आणि इ.स.पू. ६९ मध्ये चाच्यांनी बेट लुटले, त्यानंतर ते सावरले नाही. नंतरच्या काळात येथे मोठे नगर वसलेच नाही, म्हणून व्यापाऱ्यांच्या घरांतील मोझेकच्या जमिनी, पाण्याची टाकी आणि दुकानांच्या ओळी आज मोकळ्या आकाशाखाली पाहावयास मिळतात. नॅक्सोसच्या संगमरवरातील प्रसिद्ध सिंहांपैकी उघड्यावर उभे आहेत ते प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती जतनासाठी आत हलवल्या आहेत.

डेलॉस हे आयोनियन ग्रीकांचे सामाईक धर्मक्षेत्र होते. 'यवन' हा आपला शब्द याच आयोनियन लोकांच्या नावावरून इराणमार्गे आपल्याकडे आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांचे दान करणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आपण पाहिली असतील, तर या बेटावर पाऊल ठेवताना ती आठवावीत.

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचे कोरडे, जोरदार वारे वाहतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि आकाश निरभ्र असूनही डेलॉसच्या होड्या रद्द होतात. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटाला मिकोनोसच्या धक्क्यावरूनच ते बेट पाहून परतावे लागले, आणि त्यांची निराशा आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून आम्ही ही सहल केवळ मे आणि सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबर या काळातच नेतो, आणि डेलॉससाठी सहावी व सातवी अशा दोन सकाळी राखून ठेवतो. तरीही वाऱ्याची हमी आम्ही देऊ शकत नाही. जहाजाच्या कप्तानाचा निर्णय अंतिम राहील.

सातव्या दिवशी दुपारनंतर जहाज सूनियनच्या कड्याजवळून जाते. कड्यावर पोसायडन या सागरदेवतेच्या मंदिराचे पांढरे स्तंभ दिसतात. याच देवतेची एक लहान कांस्यमूर्ती कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडली असून ती आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. निघण्यापूर्वी ती अवश्य पाहून यावी, तिकीट ग्रीसच्या मानाने फारच स्वस्त आहे.

कागदपत्रे, जेवण आणि चालणे

भारतीय पारपत्रधारकांना ग्रीससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेले, दहा वर्षांच्या आत दिलेले आणि दोन कोरी पाने असलेले पारपत्र, तसेच किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा आवश्यक आहे. तुर्कस्तानातील एफेसस हे प्राचीन ग्रीक नगर आम्ही मार्गात घेतलेले नाही. ते स्थळ पाहण्याजोगे आहे यात शंका नाही, परंतु तेथे उतरल्यास शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत यावे लागते, त्यासाठी बहुप्रवेश व्हिसा आणि तुर्कस्तानचा वेगळा परवाना लागतो, आणि एका दिवसासाठी हा व्याप आम्हाला योग्य वाटला नाही. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर बंदरागणिक शुल्क लागू केले असून ते हंगामानुसार बदलते. ते आमच्या दरात धरलेले आहे.

शाकाहारी जेवण मिळते. सांतोरिनीचा 'फावा' हा पिवळ्या डाळीसारख्या दाण्यांचा घट्ट पदार्थ आपल्या वरणाची आठवण करून देतो, फक्त त्यावर तुपाऐवजी ऑलिव्ह तेल आणि कांदा असतो. बाहेर जेवताना 'निस्तिसिमो' हा शब्द लक्षात ठेवावा. तो ग्रीक ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या पदार्थांसाठी वापरतात, आणि त्यात मांस, अंडी व दूध नसते. मात्र उपवासात कोळंबी किंवा माकुळ चालतात, म्हणून तेवढे विचारून घ्यावे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी नोंदणीच्या वेळीच सांगावे.

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी खालच्या मजल्यावरील, जहाजाच्या मध्यभागाजवळची केबिन मागावी आणि औषधाबाबत आपल्या डॉक्टरांशी बोलावे. स्थळांवर रोज तीन-चार तास खडबडीत दगडांवर चालावे लागते, आणि डेलॉसवर सावली जवळजवळ नाही. रबरी तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले बूट, टोपी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी. नवे बूट घेऊन कृपया येऊ नये.

पायाखाली मातीच्या भांड्याचा तुकडा दिसला तर तो उचलू नये. ग्रीसमध्ये कोणताही पुरातन अवशेष बाळगणे किंवा देशाबाहेर नेणे हा गंभीर गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते, तेव्हा आठवण म्हणून घेतलेला खडाही अडचणीत आणू शकतो.

मे महिन्याच्या सहलीची नोंदणी जानेवारीअखेरपर्यंत करावी, कारण उन्हाळी सुट्टीमुळे व्हिसा केंद्रातील भेटीच्या वेळा मार्चपासून मिळेनाशा होतात. नोंदणीसाठी येताना पारपत्राची मूळ प्रत सोबत आणावी.