जमावाच्या किंवा टोळीच्या हल्ल्यात माणूस गेला, तर सरकारी मदत कशी मागायची: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

आरोपींना शिक्षा झाल्यावरच भरपाई मिळते, असं समजून बरीच कुटुंबं वर्षानुवर्षं थांबतात. कायद्यात अशी अट नाही. आरोपी सापडले नाहीत तरी अर्ज करता येतो. मदत अडते ती पहिल्या काही दिवसांतल्या कागदांवर, म्हणून त्यांच्याकडे आधी लक्ष द्या.

पहिला कागद एफआयआर. हल्ला दुसऱ्या हद्दीत झाला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात 'झिरो' नंबरने गुन्हा नोंदवता येतो आणि प्रत मोफत मिळते. ठाणे अंमलदाराने नकार दिला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा. कलमं नीट वाचा. दरोड्यात खून झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१०(३) लागतं. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला असेल तर १०३(२). मृत व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आणि हल्लेखोर त्याबाहेरचे असतील, तर अॅट्रॉसिटीचं, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं, कलम पहिल्याच दिवशी लावून घ्या. ते मागाहून वाढवता येतं, पण तोवर मदतीची फाइल हलत नाही.

अॅट्रॉसिटीखाली खून किंवा मृत्यू झाल्यास ८,२५,००० रुपये मिळतात. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. शिवाय तीन महिन्यांच्या आत विधवेला किंवा अन्य आश्रितांना दरमहा ५,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता, घरातल्या एकाला नोकरी, गरजेप्रमाणे शेतजमीन आणि घर, मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च, तीन महिन्यांचं धान्य, अशी तरतूद नियमांत आहे. रोख रक्कम मिळाल्यावर कुटुंबं थांबतात आणि ही दुसरी यादी तशीच राहून जाते. ती मागण्यासाठी जिल्हाधिकारी आणि सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना वेगळा लेखी अर्ज द्या, त्यात एकेक बाब लिहा. जातीचा दाखला नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे त्याच आठवड्यात अर्ज करा.

इथे एक मोठी फट आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. हा समाज राज्याच्या यादीत भटक्या जमातींत येतो, अनुसूचित जमातींत नाही. म्हणजे अॅट्रॉसिटीची मदत त्यांना लागूच होत नाही. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या लोकांना असा धोका सर्वांत जास्त, आणि त्यांनाच हे संरक्षण नाही. हे अन्यायाचं आहे.

अशा कुटुंबांसाठी, आणि अॅट्रॉसिटी लागू नसलेल्या कुणाहीसाठी, पीडित नुकसानभरपाई योजना आहे. तिचा आधार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७-अ कलमात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९६ कलमात आहे. आरोपीचा माग लागत नसेल आणि खटलाच उभा राहत नसेल, तर आश्रितांनी थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. खटला चालू असेल तर न्यायालयाला शिफारस करायला सांगा. आरोपी निर्दोष सुटले तरीही न्यायालय शिफारस करू शकतं. अर्ज आल्यावर चौकशी पूर्ण करून दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तातडीची मदत हवी असेल तर अर्जात 'अंतरिम मदत' असं स्पष्ट लिहा. जखमींना मोफत प्रथमोपचार मिळावेत, असा आदेश ठाणे प्रभारी किंवा दंडाधिकाऱ्यांच्या दाखल्यावर प्राधिकरण देऊ शकतं.

अर्जाला जोडायचं: एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, आश्रित असल्याचा तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका, आधार, अर्जदाराच्या नावाचं बँक पासबुक, आणि आधी मिळालेल्या सरकारी मदतीची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र. मिळालेली मदत लपवू नका. फाइल परत येण्याचं ते हमखास कारण आहे.

मृत्यू दाखला माणूस जिथे गेला तिथल्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून निघतो, राहत्या गावातून नाही. राईनपाड्याच्या मृतांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. अशा वेळी वारसांना शेकडो किलोमीटर दूरच्या कार्यालयाशी व्यवहार करावा लागतो. म्हणून मृतदेह ताब्यात घेतानाच दाखल्याच्या प्रती मागा. दुसरी अडचण नावांची. ओळख पटण्याआधी पंचनाम्यात ऐकीव नाव लिहिलं जातं आणि ते आधारशी जुळत नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि तपास अधिकाऱ्याकडून तसं पत्र घ्या. बायकोचं खातं नसेल तर ते आधी उघडा, दिराच्या किंवा सासऱ्याच्या खात्याचा नंबर देऊ नका.

वकिलाला पैसे देण्याची गरज नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि जातीय अत्याचारग्रस्तांना विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. अॅट्रॉसिटीच्या तक्रारीसाठी १४५६६. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.